मंगरूळपीरचे बंदर

मंगरूळपीरला समुद्र नाही. इथून समुद्र गाठायचा तर एक रात्र आणि वर अर्धा दिवस प्रवासात जातो. तरीही आमच्या गल्लीत मधुकर गावंडे यांच्या फाटकावर एक काळी पाटी टांगलेली आहे आणि तिच्यावर रोज सकाळी खडूने उरणकडच्या समुद्राच्या भरती-ओहोटीची वेळ लिहिलेली असते. सणावारीही खाडा नाही.

गल्लीत नव्याने राहायला येणाऱ्यांचा गैरसमज ठरलेला आहे. त्यांना वाटते, ही नळाला पाणी येण्याची वेळ. गेल्या वर्षी एका भाडेकरू बाईंनी पाटी वाचून बादल्या लावल्या आणि योगायोगाने नळ त्याच वेळी आला. तेव्हापासून निम्मी गल्ली पाटी पाहून बादल्या लावते आणि अंदाज चुकला की गावंडे भाऊंना जाब विचारते.

"भाऊ, आज तुमची भरती काहून नाई आली?"

"माही भरती येऊन गेली बाई. तुमचा नळच ओहोटीत हाय."

मी त्यांचा शेजारी. तालुक्याच्या बातम्या एका दैनिकाला पाठवणे हे माझे काम. ऐकीव मजकूर द्यायचा नाही, अशी सवय लागलेली आहे. पुढे जे लिहिले आहे त्यातले बहुतेक मी स्वतः पाहिले; बाकीचे संबंधितांना विचारून घेतले.

गावंडे भाऊ साठीच्या थोडे पुढे आहेत. अंगाने सडपातळ, शर्टाच्या खिशात दोन पेन, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बारावीनंतर मामाच्या ओळखीने ते उरणला गेले आणि एका कस्टम एजंटच्या कार्यालयात चिकटले. परदेशातून आलेला किंवा परदेशी जाणारा माल सीमाशुल्क खात्याच्या कागदांतून सोडवायचा आणि तो सुटेपर्यंत त्याच्या कंटेनरला कुठे तरी जागा मिळवून द्यायची, हे त्यांचे काम. तीस वर्षे त्यांनी तेच केले. मग परत आले. येताना पेटी आणली, गादी आणली आणि एक कंटेनर आणला.

कंटेनर खरोखरचा आहे. वीस फुटी, निळा, भंगारात निघालेला. तो ट्रेलरवरून आला तेव्हा वळणावर विजेच्या तारा बांबूने उचलून धरायला चार माणसे लागली आणि पाहायला सगळे गाव. घर दोन खोल्यांचे, अंगण मोठे. कंटेनर अंगणात बसला तो कायमचा. कोणी म्हणाले, दुकान काढणार. कोणी म्हणाले, आत सोने आहे. गावंडे भाऊ म्हणाले, "जागा हाय. ज्याले लागंल त्यानं ठेवा."

गल्लीने त्यांचा शब्द शब्दशः घेतला. अवकाळी पाऊस आला की सोयाबीनची पोती तिथे जातात. कोणाचे घर रंगवायला काढले की कपाटे तिथे जातात. लग्न ठरलेल्या मुलीचे रुखवत तिथे राहते. मंडपवाले सलीमभाई हंगाम संपला की आपले पडदे तिथेच टाकतात. ठेवणाऱ्याला पावती मिळते. पावतीवर मालाचे वर्णन, नग आणि अवस्था लिहिलेली असते. एका नवऱ्या मुलीच्या सोफ्यापुढे त्यांनी 'एक पाय डुगडुगता, आलेला तसाच' असे लिहिले होते. मुलीच्या सासरी पुढे त्या पायावरून बोलणे निघाले तेव्हा ती पावती दाखवण्यात आली आणि प्रकरण मिटले.

जिवंत माल घ्यायचा नाही, असा नियम आहे. एकदाच तो मोडला. समोरच्या घरची मंडळी घाईने नांदेडला निघाली, बकरी ठेवायला कोणी नव्हते. गावंडे भाऊंनी बकरी दार उघडे ठेवून आत बांधली आणि पावती तिच्या गळ्यात अडकवली. बकरीने पावती खाल्ली. मंडळी परतल्यावर भाऊंनी पावतीशिवाय बकरी सोडायला नकार दिला. शेवटी मालकाने कोऱ्या कागदावर अर्ज दिला, दोन शेजाऱ्यांनी बकरी ओळखत असल्याची सही केली, तेव्हा ती सुटली. दोघांपैकी एक सही माझी आहे.

बंदरात कंटेनरला काही दिवस फुकट जागा मिळते; पुढे भाडे लागते, त्याला डेमरेज म्हणतात. इथेही तसेच आहे. फक्त भाडे पैशात नाही. मुदत उलटली की मालाच्या धन्याने रोज संध्याकाळी भाऊंकडे येऊन चहा घ्यायचा. चहाबरोबर बंदराच्या गोष्टी असतात. कोणत्या जहाजावरचे आंबे कोणत्या कागदापायी सडले, कोणत्या व्यापाऱ्याने पंख्यांच्या नावाखाली काय आणले, ही माहिती दिवेलागणीपासून जेवणवेळेपर्यंत पुरते. त्यामुळे बहुतेक लोक मुदतीच्या आत माल नेतात. सलीमभाई मात्र पडदे मुद्दाम मागे ठेवतात असा मला संशय आहे. त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "अरे साहब, मंडपवाल्याची संध्याकाळ बिनालग्नाची असली तर जाते कुठं?"

गावंडे भाऊंनी लग्न केले नाही. कारण विचारले की सांगतात, "दोन-तीनदा कागद आले होते जी. जहाजच नाई लागलं."

सगळे जग त्यांना बंदराच्या भाषेतून दिसते. मुलगा परीक्षा पास झाला, रुग्णाला दवाखान्यातून सोडले, मुलीचे लग्न पार पडले, या तिन्ही बातम्यांवर त्यांचा शेरा एकच असतो: "आऊट ऑफ चार्ज!" कस्टमने माल सोडला की कागदावर तो शेरा पडतो. वरात रेंगाळली की ते घड्याळ पाहतात आणि म्हणतात, "घोळ्याचं डेमरेज चालू झालं." कोणी भावी योजना सांगू लागला की त्याला थांबवतात. "कागद पुढं, माल मांगून. कागद दाखव."

पण त्यांचे खरे शस्त्र म्हणजे कलम एकोणपन्नास. सीमाशुल्क कायद्यात अशी सोय आहे की, आलेल्या मालाचा निकाल लगेच लागत नसेल तर तो निकाल लागेपर्यंत सरकारमान्य गोदामात ठेवता येतो. गावंडे भाऊंच्या मते हे कलम माणसांसाठी लिहिलेले आहे. कायदा करणाऱ्यांनी चुकून मालाला लावले. दोन सख्खे भाऊ वाटणीच्या ट्रॅक्टरवरून हमरीतुमरीवर आले तेव्हा भाऊ मध्ये पडले.

"आज ठरवाचं काही काम हाय का? नाई ना? एकोणपन्नास लावा. ट्रॅक्टर माह्या अंगणात."

ट्रॅक्टर त्यांच्या अंगणात आला. पेरणी तोंडावर आली तेव्हा दोघेही एकाच सकाळी तो न्यायला आले, पावती एकच होती, आणि दोघांना मिळून सही करावी लागली. ते आजही तो आळीपाळीने चालवतात. सासू-सुनेच्या भांडणात मात्र कलम लागू पडत नाही. "त्याच्यात माल कोणता अन् गोदाम कोणतं, हेच समजत नाई," असे त्यांचे म्हणणे आहे.

आता धनजची हकीकत.

धनज हे कारंजा तालुक्यातले गाव. तिथल्या बौद्ध वस्तीने श्रमदानातून विहार बांधला. विटा बायकांनी वाहिल्या, लादी पोरांनी घासली. विहार झाला, चौथरा झाला, चौथऱ्यावर बसवायला मूर्ती हवी होती. समितीचे अध्यक्ष खंडारे गुरुजी, निवृत्त शिक्षक. ते बोधगयेला गेले असताना थायलंडच्या एका वृद्ध उपासकाशी त्यांची ओळख झाली. दोघांची भाषा एक नव्हती. तरी परत गेल्यावर त्या गृहस्थाने निरोप पाठवला की मूर्ती माझ्याकडून दान. पितळेची मूर्ती ओतली गेली, लाकडी पेटीत बसली, इतर लोकांच्या सामानाबरोबर कंटेनरमध्ये चढली आणि उरणला पोचली. बुद्ध पौर्णिमेला प्रतिष्ठापना ठरली, भंतेजींना बोलावणे गेले, मंडप सांगून झाला. आणि पेटी बंदरात अडकली.

कोणी तरी सांगितले म्हणून गुरुजी बसने मंगरूळपीरला आले. भाऊंच्या फाटकापाशी थांबून त्यांनी आधी पाटी वाचली. शुद्धलेखन तपासले. ते बरोबर निघाले तेव्हा आत आले. मी तिथेच होतो.

"जय भीम. गावंडे तुमीच का?"

"जय भीम. मीच. बसा. माल कोणता हाय?"

"माल नाई. बुद्ध हायेत."

गावंडे भाऊंनी हातातले पेन बंद करून खिशात ठेवले. "चुकलो गुरुजी. ते कुठं थांबले हायेत?"

त्यानंतर त्यांनी त्या पेटीला माल म्हटल्याचे मी ऐकले नाही.

कागद निघाले. दात्याचे पत्र होते, जहाजाची पावती होती, पेटीचे वजन होते. मालाची किंमत लिहायची असते तिथे दात्याने लिहिले होते: भेट. कस्टमचे म्हणणे असे की, भेट असली तरी किंमत लागते. तिच्यावर शुल्क ठरते. त्यांनी समितीला विचारले. समितीने लेखी उत्तर दिले होते. भाऊंनी ते वाचले आणि चष्मा काढला.

"किंमत 'अमूल्य'. हे कोणं लिव्हलं?"

"म्या."

"काहून?"

"खरं हाय म्हणून."

उत्तर खरे होते आणि त्यानेच घोटाळा केला होता. अमूल्य आहे म्हटल्यावर तपासणाऱ्या अधिकाऱ्याला रास्त शंका आली की, वस्तू पुरातन असली पाहिजे. मग ती पुरातन नसल्याचा दाखला मागण्यात आला. गुरुजींनी त्यावर दुसरे पत्र लिहिले होते. 'मूर्ती नवीन असून तिचा विचार अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे.' या पत्राने शंका वाढली.

भाऊंनी उरणच्या पाटलांना फोन लावला. पाटील त्यांचे जुने सहकारी, अजून त्याच धंद्यात. फोन स्पीकरवर होता.

"गावंडे, एवढं काय त्यात? कुठलाही आकडा टाका. छोटासा टाका. मी सांगतो कसा तो."

गुरुजी खुर्चीत सरळ झाले. "मनानं आकडा टाकला तं खोटं होते. चवथं शील मोडून बुद्ध आणाचा का आमी?"

मग पाटलांनी हळू आवाजात विचारले, "गावंडे, हे कोण बोलले?"

"पार्टी हाय," भाऊ म्हणाले. "तीस वर्सं झाले पाटील, खोटं बोलून अडलेले लय पाह्यले आपण. खरं बोलून अडलेली हे पह्यली."

मग त्यांनी लगेच करायचे ते केले. पेटी कंटेनर यार्डात पडून राहिली तर भाडे चढत राहणार. एकोणपन्नास. या वेळी ते खरोखरच्या कामासाठी होते आणि भाऊंच्या चेहऱ्यावर जुन्या मित्राची भेट झाल्याचा आनंद होता. पाटलांनी अर्ज द्यायचा, पेटी सरकारमान्य गोदामात हलवायची, निकाल लागेपर्यंत तिथे ठेवायची. सूचना मात्र नेहमीच्या नव्हत्या.

"कोरड्या जाग्यावर बसव त्याइले. वरतं काही ठेवू नको."

"कोणाच्या वरतं?"

"त्याइच्या. अन् आळवं नको करू. उभे असले तं उभे, बसले असले तं बसले."

"अरे पेटी आहे ती!"

"पेटीत कोण हाय ते पाह्य ना बे!"

पाटलांनी गोदामात पेटी ठेवल्याचा फोटो पाठवला. पेटीच्या एका बाजूला पंप, दुसऱ्या बाजूला चिनी मातीची भांडी. भाऊंनी तो मोठा करून पाहिला आणि परत फोन करून पंप थोडे सरकवायला लावले.

जागेचा प्रश्न मिटला. किमतीचा उरला. पौर्णिमा जवळ येत होती. गुरुजी दोन गोष्टींवर अडून होते. दान दिलेल्या वस्तूला घेणाऱ्याने किंमत लावायची नाही, ही एक. अंदाजे आकडा लिहायचा नाही, ही दुसरी. गावंडे भाऊ दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आपण धनजले जाऊ. हे फोनवर सुटणारं नाई." मी बरोबर गेलो. कारंज्याला बस बदलली.

विहाराच्या सावलीत पंचवीसेक माणसे जमली होती. बायका अधिक. चौथरा रिकामा होता आणि कोणी तरी तो रोज पुसत असावे, कारण त्यावर धूळ नव्हती. यमुनाबाई नावाच्या आजीबाई अगदी पुढे बसल्या होत्या. गुरुजींनी ओळख करून दिली ती अशी: "ह्या आमच्या सगळ्याइत मोठ्या. चौथऱ्याच्या इटा ह्याइनंच वाह्यल्या. नाई म्हटलं तरी."

"तं काय!" यमुनाबाई म्हणाल्या. "थे येऊन बसतीन अन् मी नुसती पाहू का?" मग भाऊंकडे वळून, "तुमी बंदरावाले का? येतीन का जी पुनवेले? का आमी फोटूच ठेवाचा चौथऱ्यावर?"

"येतीन," भाऊ म्हणाले. "गुरुजीनं आणू देल्ले तं."

सगळ्या नजरा गुरुजींकडे गेल्या. गुरुजींनी घसा साफ केला आणि आपली बाजू मांडली. ती त्यांनी वर्गात मांडावी तशी मांडली, मुद्देसूद. दात्याने मोल केले नाही. मग मी कोण? उद्या पोरे विचारतील, गुरुजी, आपला बुद्ध केवढ्याचा? काय सांगू?

याला उत्तर सोपे नव्हते. एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, वजनावर काढा ना." गुरुजींनी त्याच्याकडे असे पाहिले की तो मागच्या रांगेत गेला.

गावंडे भाऊ उठले. भाषणाची त्यांना सवय नाही. कंटेनरची पावती फाडताना जितके बोलतात तितकेच बोलले.

"बाया हो, गळ्यातलं केवढ्याचं हाय म्हणून कोणी इचारलं तं सांगता का तुमी?"

"कायले सांगू?" एक बाई म्हणाली. "आपल्या लग्नातलं हाय ते. इचारणाऱ्याले लाज नाई का?"

"बरोबर. पण सोनाराकळं घ्याले गेले तवा पावती घेतली का नाई? तिच्यावर काय होतं?"

"सोन्याचं वजन."

"अन्?"

"घळणावळ."

"झालं तं मंग!" भाऊ गुरुजींकडे वळले. "गुरुजी, त्या बाबानं मूर्ती कोठं तरी ओतून घेतली असन ना? वतणाऱ्यानं पितळेचे अन् मजुरीचे पैसे घेतले असतीन ना? त्याची पावती मांगा. तुमी किंमत नका लावू. कारागिराले काय भेटलं तेवळंच सांगा. ते खरं बी हाय, अन् ते बुद्धाचं मोल बी नोहे."

घडवणाऱ्याची मजुरी आणि मूर्तीचे मोल यांत फरक आहे की नाही, हे गुरुजींनी मनात तपासले. मग म्हणाले, "कागदावर 'मूर्तीची किंमत' असे शब्द येणार नाई."

"नाई येणार. 'धातू आणि घडणावळ.'"

"अन् आकडा पावतीचाच. एक पै कमी नाई."

"जास्त बी नाई," भाऊ म्हणाले.

यमुनाबाईंनी गुडघ्यावर हात मारला. "सोनाराच्या पावतीनं सुटले बाप्पा!"

दात्याला निरोप गेला. त्याने ओतशाळेची पावती पाठवली. ती थाई लिपीत होती. भाऊंनी ती फोनवर आडवी-उभी करून पाहिली आणि "शिक्का चांगला हाय" एवढे मत दिले. दात्याच्या नातीने मग इंग्रजी भाषांतर जोडले, त्यात धातूचे वजन आणि कारागिरांची मजुरी वेगवेगळी लिहिली होती. पाटलांनी ती दाखल केली. अधिकाऱ्याने पेटी उघडून मूर्ती नवी असल्याची खात्री केली, शुल्क ठरवले, समितीने भरले. पेटी उघडली तेव्हा पाटलांनी मूर्तीचा फोटोही भाऊंना पाठवला होता. पाटलांनी नंतर सांगितले की, अधिकाऱ्याने जाताना विचारले, "ते 'अमूल्य' लिहिणारे गृहस्थ कोण आहेत? मला त्यांना पाहायला आवडेल."

पेटी सुटली त्या दुपारी भाऊ फाटकाबाहेर आले आणि गल्लीच्या मधोमध उभे राहून ओरडले, "आऊट ऑफ चार्ज!" तीन घरांतून तीन बायका धावत आल्या. प्रत्येकीला वाटले, आपला मुलगा पास झाला.

ट्रक निघाला. उरणपासून धनजपर्यंत भाऊंनी ड्रायव्हरला इतके फोन केले की त्याने अर्ध्या वाटेत फोन बंद ठेवला. तेव्हा भाऊंनी क्लीनरचा नंबर मिळवला.

पौर्णिमेच्या सकाळी आम्ही पहिल्या बसने धनजला पोचलो. "सील पाहतो अन् दुपारच्या गाळीनं वापस येतो," असे त्यांनी मला आधीच बजावले होते. ट्रक विहारासमोर उभा होता. भोवती पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, मंडपात भंतेजी. ढोलताशावाल्या पोरांचे हात शिवशिवत होते. गुरुजींनी त्यांना 'अजून नाही' अशी खूण करून ठेवली होती. भाऊ गर्दीतून वाट काढत ट्रकच्या मागच्या दारापाशी गेले. सीलचा नंबर कागदाशी ताडून पाहिला. सील शाबूत होते. त्यांनी ते कापायला दिले, कागदावर सही केली आणि कागद गुरुजींच्या हाती दिला.

"घ्या गुरुजी. माहं काम झालं."

पेटी दहा-बारा जणांनी उतरवली. यमुनाबाई बाजूने चालत होत्या आणि प्रत्येक पावलाला ओरडत होत्या, "हळू रे! हळू! त्याइले लागंल." पेटी चौथऱ्यासमोर टेकली. गुरुजींनी सब्बल मागवली आणि ती गावंडे भाऊंपुढे धरली.

"पह्यला खिळा तुमी काढा."

"नाई जी, मी नाई."

"काहून?"

"आमचं काम फाटकालोक असते. फाटकाच्या भाईर गाळी गेली का आमी दुसरी फाइल उघळतो." ते एक पाऊल मागे सरकले. "तुमी काढा. तुमचे हायेत."

सब्बल पोरांनी घेतली. मी बातमीसाठी भाऊंना दोन शब्द विचारले. ते पेटीकडेच पाहत होते. म्हणाले, "तीस वर्सं सोडवल्या पेट्या. कोणाच्या होत्या, कुठं गेल्या, थ्याइनं उघळल्या तं काय म्हटलं, एक बी मालूम नाई." मग माझ्याकडे वळून, "हे लिवू नका. लिवाचं असन तं पाटलाचं नाव लिवा."

खिळे निघाले. फळ्या बाजूला झाल्या. आतून फोमचे तुकडे, मग जाड कागद, मग पिवळे कापड. कापड गुरुजींनी स्वतः सोडले. मूर्ती बसलेली होती. सकाळचे ऊन तिच्या चेहऱ्यावर पडले आणि पितळ उजळले. भंतेजींच्या मागोमाग सगळे गाव म्हणाले, "साधु, साधु, साधु." ढोलताशावाल्यांनी खुणेची वाट पाहिली नाही. गुरुजींनीही त्यांना थांबवले नाही. ते चष्मा पुसत होते आणि तो पुसून होत नव्हता. यमुनाबाई पुढे गेल्या, मूर्तीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि कोणी दूरच्या प्रवासाहून आलेल्याला विचारावे तसे काही तरी विचारले. ढोलांच्या आवाजात ते ऐकू आले नाही.

सगळे मूर्तीकडे तोंड करून उभे होते. गावंडे भाऊ एकटे उलटे वळले होते. मूर्तीकडे पाठ, गर्दीकडे तोंड. एका पोराला बापाने खांद्यावर घेतले होते, त्याच्याकडे ते पाहत होते. मग ज्या बाईने घडणावळ सांगितली होती तिच्याकडे. ती रडत होती आणि हसत होती. मग गुरुजींकडे. एकेका चेहऱ्यावर ते थांबत होते. घाई नव्हती.

यमुनाबाईंच्या ते लक्षात आले. त्या गर्दीतून आल्या आणि त्यांची बाही ओढली.

"ओ भाऊ, तिकळं काय पाहून राह्यले? मूर्त इकळं हाय."

"त्याइचा फोटो आला होता बाई मले," भाऊ म्हणाले. "हे कोणी पाठवत नाई."

यमुनाबाईंनी बाही सोडली नाही. त्यांना घेऊन त्या मंडपाच्या कडेला बसल्या, जिथून सगळे दिसत होते. दुपार झाली तेव्हा फाट्यावर परतीच्या बसने दोनदा हॉर्न दिला. भाऊंनी मान वळवली नाही.